धडधाकट घरातली सफरचंदं

पिंपळगाव राजात कोणाच्या हातात सफरचंदांची पिशवी दिसली की लोक आधी विचारतात, घरात कोण आजारी आहे. केळी कोणीही खातं, पेरू पोरं झाडावरूनच पळवतात, सीताफळाला तर निमित्तही लागत नाही. सफरचंदाचं तसं नाही. गावात त्याला सेप म्हणतात, आणि ते सहसा खाटेच्या उशाशीच जातं. पिशवीच्या आकारावरून आजार केवढा ते लोक ओळखतात. लहान पिशवी म्हणजे ताप. जरा फुगलेली म्हणजे सलाईन. मोठी पिशवी घेऊन कोणी अकोल्याच्या गाडीत चढलं, तर मागं उभे असलेले आवाज खाली करून बोलायला लागतात.

अशा गावात गोजरबाईंनी आपला सगळा संसार केला आणि त्या एकदाही आजारी पडल्या नाहीत. निदान घरातल्यांची तशी समजूत होती. बाकी सगळे आपापल्या पाळीनं खाटेवर पडून घेत. सासूला लकवा झाला, सासऱ्यांना दमा होताच, मुलगा गणेश काविळीनं झोपला, सून सारिकाचं सिझर झालं. प्रत्येक वेळी भेटायला येणारे सफरचंदं आणत आणि ती कापायला गोजरबाई बसत. साल काढायची, फोडी करायच्या, बी काढून टाकायचं, ताटलीत मांडून आजाऱ्यापुढं ठेवायचं. जाता जाता सालीचा एखादा तुकडा तोंडात टाकला तर टाकला. अख्खं सफरचंद हातात धरून खाल्ल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यात काही वावगं आहे असंही त्यांना कधी वाटलं नाही. माणूस आजारीच नाही तर सफरचंद कशाला, हा हिशेब त्यांनाही मान्य होता.

गोजरबाईंचा खरा जीव वाळवणात. भाजी जास्त झाली की तिच्या खुला करायच्या, म्हणजे चिरून उन्हात कडकडीत वाळवायची आणि पावसाळ्यासाठी डब्यात भरायची. वांगी, गवार, टमाटे, कैऱ्या, जे हाती लागेल ते. घरावरच्या स्लॅबवर जुनं लुगडं पसरलेलं नाही असा दिवस उन्हाळ्यात शोधून सापडत नसे. नवरा कडूबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, मी उन्हात जास्त वेळ बसत नाही, बसलो तर ही मलाही पलटी मारेल.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी कडूबांचं हर्नियाचं ऑपरेशन खामगावात झालं. ऑपरेशन साधंच होतं, पण कडूबांचं गणगोत साधं नव्हतं. सोयरे आले, भाऊबंद आले, ज्यांच्याशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बोलणं बंद होतं तेही आले, आणि प्रत्येकाच्या हातात सफरचंदं. आलेला प्रत्येक जण खुर्चीवर बसून सफरचंदाचे गुण सांगे. कोणी म्हणे रक्त वाढतं, कोणी म्हणे काळजाला चांगलं, कोणी म्हणे पोट साफ राहतं. पोटाचं मात्र खरं होतं. टाके ओले असताना कुंथायचं नाही, तेव्हा पोट मऊ ठेवणारं खा, सफरचंद सालीसकट चावून खा, रस काढत बसू नका, असं डॉक्टरांनीही सांगितलं होतं. भेटायला येणाऱ्या सगळ्यांना सफरचंदाचे फायदे तोंडपाठ होते. आपण स्वतः ते शेवटचं कधी खाल्लं, हे मात्र त्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं.

कडूबांनी आधी नेटानं खाल्ली. मग एके दिवशी ताटली बाजूला सारली आणि आता आणखी एक खाल्लं तर मीच झाडाला लागेन, असं जाहीर केलं. तोवर घरात सफरचंदं फ्रीजमध्ये होती, फ्रीजवर होती, धान्याच्या कोठीवर होती. काही मऊ पडायला लागली होती. गोजरबाईंना हे पाहवेना. दुसऱ्या दिवशी त्या विळी आणि परात घेऊन स्लॅबवर गेल्या.

पहिला घाणा काळा पडला. दिसायला जुन्या चपलेचा तळ, लागायलाही फार वेगळा नसावा. गोजरबाईंनी तो शेळीला घातला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी आडव्या पातळ चकत्या केल्या, बी काढलं, लिंबू पिळलेल्या मिठाच्या पाण्यात बुडवून काढल्या, लुगड्यावर मांडून वर पातळ ओढणी घातली, ती सुनेची नवी होती हे नंतर कळलं. दिवसभर ऊन, मध्ये एकदा पलटी, दव पडायच्या आत खाली. चकत्या फिक्या, सुरकुतलेल्या आणि चिवट झाल्या. तोंडात टाकली की आधी आंबट लागायची, मग हळूहळू गोड होत जायची, आणि बराच वेळ पुरायची.

हे बराच वेळ पुरणं कडूबांच्या फार कामी आलं. डॉक्टरांनी त्यांचा तंबाखू बंद केला होता. खोकला आला तर टाके ताणतील, हे कारण. तेव्हापासून ते रिकामं तोंड घेऊन घरभर हिंडत आणि दिसेल त्याच्यावर खेकसत. गोजरबाईंनी त्यांच्या चंचीत तंबाखूच्या जागी सफरचंदाच्या चकत्या भरून दिल्या. कडूबांनी चंची उघडली, वास घेतला, बायकोकडं पाहिलं, आणि एक चकती गालात धरली. त्या दिवसापासून घरात शांतता झाली. हळूहळू गणेश शेतात जाताना खिशात चकत्या नेऊ लागला, सारिका दुपारच्या चहाबरोबर खाऊ लागली, आणि नात प्रतीक्षा खामगावात औषधांच्या दुकानात काम करायची, तिनं तर डबाच नेला.

उपकेंद्रातल्या सिस्टर कडूबांचा बीपी पाहायला आल्या तेव्हा त्यांनाही चार चकत्या मिळाल्या. त्यांनी खाल्ल्या आणि लगेच सूचनाही दिल्या. वाळल्यावर पाणी उडतं पण साखर सगळी आत राहते, म्हणून डबा घेऊन बसायचं नाही, चार-पाच चकत्या पुरे. शुगर असेल त्यानं विचारून खावं. उन्हात काही जीवनसत्त्वं जातात, तेव्हा हे ताज्याची जागा घेत नाही. पण साल ठेवलीत ते उत्तम, पोटाला लागणारा चोथा तिच्यातच जास्त असतो. वर पाणी प्या. आणि हे औषध नाही, खाऊ आहे, बिस्किटापेक्षा बरा खाऊ. यातल्या गोजरबाईंनी दोनच गोष्टी ध्यानात ठेवल्या, साल आणि बिस्किट.

घरातली सफरचंदं संपली. तोंडाला लागलेली चव काही संपली नाही. मग गणेश खामगावच्या बाजारातून डागी सफरचंदं आणायला लागला, ज्यांना गाडीवाला लवकर खपवायला बघतो ती. दर आठवड्याला मोटरसायकलच्या हँडलला फुगलेली पिशवी टांगून तो गावाच्या रस्त्यानं घरी येई. गावानं पहिल्यांदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा काही विचारलं नाही. माणसं विचारायची बंद झाली की समजावं, त्यांनी उत्तर ठरवून टाकलं आहे.

नेमकं याच सुमारास प्रतीक्षाला डोणगावचं स्थळ आलं. याआधी तिनं बरीच स्थळं नाकारली होती आणि प्रत्येक नकाराला घरात दोन दिवस तोंडं वाकडी होत. हा कुलदीप मात्र तिला पसंत पडला. फोनवर बोलताना त्यानं पहिलाच प्रश्न विचारला की तुझं काम तुला आवडतं का. आधीच्यांनी पहिला प्रश्न स्वयंपाकाचा विचारला होता. प्रतीक्षानं हे फक्त आजीला सांगितलं आणि सांगताना ती लाजली. गोजरबाईंनी तेवढ्यावरून ओळखलं की हे जमलं नाही तर पोरगी आतून मोडेल. त्यांचा या नातीवर सगळ्यांपेक्षा जास्त जीव होता आणि ते त्या लपवतही नसत.

डोणगावची मंडळी पाहायला आली. मध्यस्थ होते उकंडराव, दोन्हीकडचे लांबचे सोयरे. सगळं नीट चाललं होतं. पोहे झाले, चिवडा झाला, आणि सारिकानं मोठ्या हौशीनं चिवड्याशेजारी वाळलेल्या सफरचंदांची ताटली मांडली. मुलाच्या वडिलांनी एक चकती उचलली आणि हे काय आहे म्हणून विचारलं. सेप आहेत, आईनं वाळवले, असं गणेशनं अभिमानानं सांगितलं. वडिलांनी चकती हळूच परत ताटलीत ठेवली. मग त्यांनी मुलाच्या काकांकडं पाहिलं, काकांनी छताकडं पाहिलं. घरात कोणाची तब्येत बरी नाही का, असं वडिलांनी जपून विचारलं. तसं काही नाही, सगळे टणटणीत, असं गालात चकती धरून कडूबा म्हणाले. मंडळी चहा घेऊन निघाली. ताटलीला नंतर कोणी हात लावला नाही.

त्यानंतर डोणगावहून काही निरोप येईना. प्रतीक्षा फोन उशाशी ठेवून बसायची आणि कोणी पाहिलं की उलटा करून ठेवायची. शेवटी उकंडराव एकटेच आले. त्यांनी चहा घेतला नाही, यावरूनच काय ते कळलं. त्यांनी गणेशला बाजूला घेऊन मन मोकळं करायला सांगितलं. घरातलं आजारपण मोठं असेल तर असू दे, पण सोयऱ्यांपासून लपवू नका. गणेशनं शपथा घेतल्या की आम्ही हौसेनं खातो, चवीला खातो. उकंडरावांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी गावात आधीच विचारून ठेवलं होतं. दर आठवड्याला पिशवी येते आणि आजारी माणूस दिसत नाही, म्हणजे तो दाखवण्यासारखा नाही, असं चार घरांतून त्यांना सांगण्यात आलं होतं. धडधाकट माणसं विकत घेऊन सफरचंदं खातात, हे त्यांना खोटंसुद्धा नीट रचलेलं वाटलं नाही. जाताना म्हणाले, कुलदीपची आजी पुष्पाबाई स्वतः येणार आहे आजाऱ्याला भेटायला. डोणगावच्या घरात शेवटचा शब्द तिचाच असतो.

आता घरात प्रश्न पडला की भेटायला माणूस येतंय, तर आजारी कोण. खरं सांगून पाहिलं होतं, ते कोणाला पटलं नव्हतं. मग गणेशचं म्हणणं पडलं की न दिसणाऱ्या मोठ्या आजारापेक्षा दिसणारा लहान आजार बरा. कडूबा झोपले तर ऑपरेशन बिघडलं म्हणतील. गणेश कमावता, त्यानं झोपून चालणार नाही. सारिका मुलीची आई, तिचा आजार मुलीत उतरेल म्हणतील. प्रतीक्षाचा तर प्रश्नच नव्हता. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत गोजरबाईंवर आल्या. त्या वेळी त्या जमिनीवर बसून सफरचंदं चिरत होत्या.

खोटं बोलायचा त्यांना राग होता. पण ही सगळी आग आपल्याच स्लॅबवरून लागली, हे त्यांच्या मनाला सारखं टोचत होतं. प्रतीक्षा नको नको म्हणत होती. गोजरबाई तिला म्हणाल्या, एक दिवस झोपल्यानं मी काही झिजत नाही. मग त्या हात धुऊन उठल्या, आणि उठताना दाराच्या चौकटीचा आधार घेतला. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुष्पाबाई आल्या तेव्हा गोजरबाई समोरच्या खोलीत दिवाणावर पडल्या होत्या. उजव्या पायाला सारिकानं पट्टी गुंडाळली होती आणि अंगणात पाय मुरगळला एवढंच बोलायचं ठरलं होतं. पुष्पाबाई वयानं बरोबरीच्याच, अंगानं काटक, कपाळाला मोठं कुंकू. हातात सफरचंदांची मोठी पिशवी होती. ती त्यांनी उशाशी ठेवली, उकंडरावांना आणि बाकीच्यांना बाहेर बसायला सांगितलं, आणि स्वतः दिवाणाच्या कडेला टेकल्या. बाकीचे बाहेर गेले ते दाराच्या पडद्यापर्यंतच. पडदा तसा पातळच होता.

गोजरबाईंनी पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं. पुष्पाबाईंनी ते ऐकलं, पट्टीवर हात ठेवला, आणि घोट्यापाशी चांगला जोर देऊन दाबलं. गोजरबाईंच्या तोंडावरची रेघही हलली नाही. दुखत नसलेलं दुखतं म्हणून दाखवायची त्यांना सवय नव्हती.

"हा पाय नाई दुखत तुमचा," पुष्पाबाई म्हणाल्या.

"नाई," गोजरबाई म्हणाल्या. पडद्यामागं गणेशनं डोळे मिटून घेतले.

"मंग काय दुखते?"

प्रश्न साधा होता, पण तो आपल्याला कोणी घातल्याचं गोजरबाईंना आठवेना. आजवर त्यांनीच तो प्रत्येक खाटेशी बसून विचारला होता. एखाद्याला शेताचा रस्ता सांगावा तसं त्या सांगायला लागल्या.

"गुडघे दुखतात. रातीले जास्त दुखतात. जिना चढून स्लॅबवर गेली का गरगरते, मंग कठड्याले धरून बसून राह्यते जराशी. खालून हाक आली का लुगडं झटकलं म्हनते. डाव्या डोयानं सुई ओवता येत नाई. अन छातीत इथं, जड काई उचललं का धडधड हून राह्यली. लय दिवसाचं हाये."

"घरात सांगतलं नाई?"

"कोनी इचारलं असतं त सांगतलं असतं."

त्यात राग नव्हता, रुसवाही नव्हता. ऊन कडक आहे म्हणावं तशा त्या म्हणाल्या, आणि म्हणूनच ते पडद्यामागच्यांना जास्त लागलं. सारिकानं पदर तोंडाला लावला. कडूबांच्या गालात चकती होती, ती चघळायची थांबली. त्यांच्या एका ऑपरेशनला अख्खा तालुका येऊन गेला होता, आणि या बाईचे गुडघे शेजारच्या खाटेवर रोज रात्री दुखत होते.

पुष्पाबाईंनी मग सफरचंदांचं विचारलं. गोजरबाईंनी एकेक करून सगळं सांगितलं, ऑपरेशन, गणगोत, लिंबाचं पाणी, तंबाखूची चंची, आणि बिस्किटापेक्षा बरं, सिस्टर म्हणाल्या तेही. उशाखालून डबी काढून त्यांच्यापुढं धरली. पुष्पाबाईंनी एक चकती तोंडात टाकली. त्यांच्या तोंडात दात मोजकेच होते, त्यामुळं वेळ लागला. खोलीत नुसता चावण्याचा आवाज होता आणि प्रतीक्षाचं लग्न त्या चावण्यावर अडकलं होतं.

"चिवट हाये," त्या शेवटी म्हणाल्या. "पन चांगलं हाये." मग त्यांनी दाराकडं तोंड करून आवाज जरा चढवला, आत आणि बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल असा. "जे बाई मले, परक्या बाईले, सगळं दुखनं सांगून राह्यली, ते आनखी काय लपवनार हाये? उकंडराव, तुमी चहा घ्या आता."

उकंडरावांनी चहा मागितला. पडदा आपोआप बाजूला झाला आणि सगळे आत आले. पुष्पाबाईंनी आणलेल्या पिशवीतून एक सफरचंद काढलं आणि पदरानं पुसलं. ते पाहताच गोजरबाई सवयीनं उठून बसल्या आणि विळीसाठी हात पुढं केला. पाहुणीला कापून द्यायला हवं. पुष्पाबाईंनी ते सफरचंद त्यांच्या पुढं आलेल्या हातात ठेवलं.

"ईनबाई, हे तुमचं हाये," त्या म्हणाल्या.

ईनबाई, म्हणजे विहीणबाई, हा शब्द ऐकून प्रतीक्षा भिंतीला टेकली. गणेशनं खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसला. घरात त्या क्षणी खरा आनंद झाला होता, पण हसायला कोणाचं तोंड होईना. सगळे गोजरबाईंकडं बघत होते, आणि त्या हातातल्या सफरचंदाकडं. ते कुठून धरायचं असतं याचाच त्या विचार करत असाव्यात. प्रतीक्षा जवळ आली आणि साल काढून देऊ का म्हणाली.

"राहू दे. साल चांगली असते," गोजरबाई म्हणाल्या आणि त्यांनी सफरचंदाला दात लावला.

त्यांनी ते सावकाश खाल्लं. रस मनगटावर आला तो पदराला पुसला. गणेश म्हणाला, उद्या सकाळी खामगावला जायचं, डोळे, गुडघे, छाती, सगळं दाखवून यायचं. त्यांनी मान हलवली आणि खात राहिल्या. कडूबा दिवाणाच्या पायथ्याशी येऊन उभे होते. त्यांनी वाकून बायकोच्या पायाची ती खोटी पट्टी सोडायला घेतली. ती त्यांना नीट सुटली नाही, पण ते सोडत राहिले.

उरलेली सफरचंदं पाहून सारिकाला काही करायला मिळालं. तिनं पिशवी उचलली आणि विळी घेऊन जिन्याकडं निघाली. ऊन चांगलं होतं, संध्याकाळपर्यंत एक बाजू वाळली असती.

"सारिका," गोजरबाईंनी हाक मारली. "ते वरते नको नेऊ. हे मी ताजेच खाईन."